डोंगरातल्या बाईसाठी घेतलेला खण

मंडळी, आज दादरला खण घ्यायला गेले आणि दुकानातच वाद झाला.

पुढच्या महिन्यात मी पेरूला चालले आहे. इंका लोकांनी बांधलेल्या दगडी वाटेने चार दिवस डोंगर चढायचा आणि रात्री गावातल्या घरांत मुक्काम करायचा. माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचनालयातल्या एका पुस्तकात ही वाट पाहिली, तेव्हाच ह्यांनी आणि मी जायचं ठरवलं होतं. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तिकीट एकच काढलं.

पहिल्या मुक्कामाची घरमालकीण मागावर कापड विणते. तिची ओटी भरावी म्हणून मी फिका हिरवा इरकली खण निवडला. सोबत लालबागच्या आमच्या चाळीतल्या सुमनवहिनी होत्या.

"अगो बाई, ओटी तुम्ही भरणार?" त्या हळूच म्हणाल्या. "ती सवाष्ण असेल ना!"

"नाही. तिचाही नवरा गेलाय. गाईडने कळवलंय."

"मग तर अजिबातच भरत नाहीत!"

"सवाष्णीची मी भरायची नाही आणि विधवेची कुणीच भरायची नाही. मग आम्ही दोघींनी करायचं काय?"

वहिनींनीच दुसरा खण पुढे सरकवला. "गडद घ्या. डोंगरात फिका मळेल."

तो घेतला. तिची ओटी मी भरणारच.

तीन वर्षांत माझी कुणी भरलेली नाही. परत आल्यावर तुमच्यापैकी कोण भरेल?