विश्रांतीच्या दिवशी टाकलेले चेंडू

माझ्या मुलाचं कॉलेज त्या मोसमात बेसबॉलची एकही मॅच हरलं नाही. नोव्हेंबर ते मार्च अकरा मॅचेस झाल्या, अकराही जिंकल्या, आणि वर चषक. कॉलेजच्या दारातल्या काचेच्या कपाटात संघाचा फोटो लावलाय, त्यात मधोमध माझा मुलगा. ओळखीचे लोक अजून मला लिफ्टमध्ये गाठून म्हणतात, काय पोरगा आहे हो तुमचा. मी हसतो. त्याच मोसमात त्या पोराचा उजवा हात कायमचा गेला, आणि तो मी घालवला. एवढं वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. तोंडाने अजून जमलेलं नाही.

आम्ही शारजात, अल मजाजला राहतो. मी जबल अलीला एका गोदामाच्या कंपनीत आहे. मूळचा डोंबिवलीचा. तिथल्या क्लबात मी विकेटकीपर होतो, आणि पुढे जाऊ शकलो नाही याचं खापर आजवर निवड समितीच्या डोक्यावर फोडत आलोय. मुलगा एकुलता एक, इथेच जन्मलेला. अभ्यासात मध्यम, अंगापिंडाने मध्यम, आणि बोलण्यात मध्यमाच्याही खाली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर, तेही एका शब्दाचं. क्रिकेटच्या कोचिंगला घातला, दोन महिन्यांत परत आला. तबल्याला घातला, तो तबला अजून कपाटावर धूळ खातोय. बायको म्हणायची, ‘अहो, असेल त्याच्यात काहीतरी, दिसेल कधीतरी.’ मी म्हणायचो, दिसेल तेव्हा मला उठव.

ते दिसलं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी. कुंपणाबाहेर आलेला एक चेंडू याने उचलून मैदानात परत टाकला. तो इतका सरळ आणि इतका जोरात गेला, की बेसबॉलचा कोच हातातलं काम टाकून कुंपणापाशी आला आणि याचं नाव विचारू लागला. हे मला बायकोकडून कळलं. मला कोण सांगतंय.

पहिली मॅच बघायला मी तोंड वाकडं करूनच गेलो. हा कसला खेळ? खेळपट्टी नाही, टप्पा नाही, मातीच्या उंचवट्यावर उभं राहायचं आणि बॅटवाल्याकडे चेंडू नुसता भिरकावायचा. त्या भिरकावणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि आमचा मुलगा पिचर होता. पाच-सहा चेंडूंत माझं तोंड सरळ झालं. समोर एक दणकट कोरियन पोरगा. तो बॅट फिरवायचा तोवर चेंडू मागच्याच्या हातमोज्यात पोचलेला असायचा. तीनदा असं झालं आणि तो मान खाली घालून परत गेला. त्याच्यामागून दुसरा गेला, तिसरा गेला. माझ्या शेजारी एक इजिप्शियन गृहस्थ बसले होते, त्यांचा मुलगाही आमच्याच संघात. ते म्हणाले, ‘हबीबी, हू इज धिस बॉय?’ मी म्हणालो, ‘माय सन.’ वीस वर्षांत हे दोन शब्द मी असे कधी उच्चारले नव्हते.

कोच फिलिपिनो होता, पन्नाशीचा, बुटका, शांत. त्याच्या खिशात एक वही असायची, आणि आमच्या मुलाने टाकलेल्या प्रत्येक चेंडूची तो त्यात एक रेघ मारायचा. ऐंशी रेघा झाल्या की मुलाला बाहेर काढायचा, मग मॅच कितीही अटीतटीची असो. त्यानंतर चार दिवस मुलाने चेंडूला हात लावायचा नाही. त्या पहिल्या मॅचनंतर मला बाजूला घेऊन तो म्हणाला, ‘सर, ही हॅज अ गिफ्ट. पण फेकताना कोपर आतून ताणलं जातं. ते फक्त विश्रांतीनेच भरून येतं. नीट सांभाळलं तर पुढच्या वर्षी दुबईतल्या व्यावसायिक संघाच्या चाचणीला मी स्वतः घेऊन जाईन. घरी फक्त जेवण आणि झोप, प्लीज.’ मी ‘शुअर कोच, शुअर’ म्हणालो. गाडीपर्यंत पोचेतोवर माझं मत होऊन गेलं होतं की हा माणूस आळशी आहे.

हे कळायला आमच्या लोकांत जन्म घ्यावा लागतो. सुट्टी म्हणजे दुसऱ्याच्या पोराच्या पुढे जायची संधी, हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून ऐकवतात. दिवाळीच्या सुट्टीत जादा गृहपाठ, मे महिन्यात पुढच्या इयत्तेचा क्लास. बाईंनी पाच गणितं दिली तर घरी पंधरा करून घ्यायची, आणि बाईंना सांगायचं नाही, नाहीतर त्या इतरांनाही पंधरा देतील. मी असाच वाढलो. माझी बायको असाच अभ्यास करून बोर्डात आली. त्यामुळे कोचचे चार दिवस मला फुकट वाया चाललेले दिसले.

आमच्या इमारतीच्या मागे वाळूचं मोकळं पार्किंग आहे. पहाटे पाचला मी मुलाला हलवायचो. साडेपाचपासून सहापर्यंत दिव्याच्या खांबाखाली चेंडू, मग मी जबल अलीच्या ट्रॅफिकला लागायचो. झेलायला मी, माझे जुने विकेटकीपिंगचे ग्लोव्हज घालून. तळहात असे सुजायचे की ऑफिसात माऊस धरवत नसे, आणि त्या सुजेचासुद्धा मला काय अभिमान. मी लोकांना हात दाखवत फिरायचो. रोज साठ चेंडू, त्यातले शेवटचे वीस पूर्ण जोरात.

पहिल्या पहाटे तो म्हणाला, ‘बाबा, कोच सेड नो थ्रोइंग.’

मी म्हणालो, ‘कोचला अख्खी टीम आहे. मला तू एकटा आहेस. भाकरी का करपली, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. चल. आणि हे कोचला सांगायची काही गरज नाही.’

‘ओके,’ तो म्हणाला.

मॅचमागून मॅच जिंकत गेले. मॅचच्या दर शनिवारी मी पहिल्या रांगेत. ऑफिसात सोमवारी सुदानी साहेब ‘मबरूक, मबरूक’ असं अभिनंदन करत माझ्या टेबलाशी यायचे. घरी मुलाशी बोलायला मला विषय मिळाला होता, आणि तोही बोलायचा. पहाटेच्या त्या अर्ध्या तासात तो मला चेंडू बोटांत कसा धरायचा ते शिकवायचा. मी त्याचा विद्यार्थी झालो होतो. त्या वाळूत मी जितका सुखी होतो तितका लग्नातही नव्हतो.

जानेवारीत तो कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवून म्हणाला, ‘इट हर्ट्स हिअर. कॅन वी स्टॉप फॉर अ वीक?’ मी म्हणालो, दुखतंय म्हणजे अंगाला लागतंय. बायको रोज कोमट तेलाने चोळून द्यायची. चोळता चोळता एकदा म्हणाली, ‘अहो, कोचना विचारा ना एकदा.’ मी खेकसलो, तुला काय कळतं त्यातलं. तिला कळत होतं. मुलगा जेवताना चमचा डाव्या हातात धरायला लागला होता. ते मला दिसलं होतं, आणि मी आमटी वाढून घेत राहिलो.

फायनलच्या आठवड्यातही विश्रांतीच्या चारही पहाटे आम्ही पार्किंगमध्ये होतो.

फायनल शनिवारी दुपारी झाली. शेवटच्या डावात आमची एका धावेची आघाडी होती आणि समोरच्यांचा एकच गडी बाद व्हायचा होता. मुलाने चेंडू टाकला आणि त्याचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. हात बाजूला तसाच लोंबत राहिला. कोच उठून अर्ध्या मैदानापर्यंत आला. मुलाने डावा हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी नुसती मान हलवली असती तरी तो बाहेर आला असता. मी ओरडलो, ‘यल्ला, चल, एकच राहिला.’

त्याने तो टाकला. बॅटला लागून चेंडू उंच उडाला, झेलला गेला, आणि खलास, आम्ही चॅम्पियन. पोरं त्याच्या अंगावर जाऊन पडली. तो रडत होता. सगळ्यांना वाटलं आनंदाने. मलाही वाटलं.

एमआरआय झाला. मल्याळी डॉक्टरने पडद्यावर दाखवलं, कोपराच्या आतलं लिगामेंट पूर्ण फाटलं होतं, शेजारची नसही दुखावली होती. म्हणाला, हे एका चेंडूचं काम नाही, हे कित्येक महिने न थांबता वापरल्यामुळे झालंय. ऑपरेशन केलं तर रोजची कामं जमतील, फेकणं मात्र विसरायचं. मुलाने विचारलं, ‘नॉट इव्हन स्लोली?’ डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत होतो.

त्यानंतर चारच दिवसांनी आमच्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता आणि त्यात मुलाचा सत्कार ठरला होता. बायको म्हणाली, नको जाऊ या. मी म्हणालो, आता नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील. स्टेजवर त्याला शाल घातली आणि अध्यक्षीण काकूंनी नारळ पुढे केला. त्याने डावा हात पुढे केला. काकू माइकवर लाडाने म्हणाल्या, ‘अरे बाळा, श्रीफळ उजव्या हाताने घ्यावं. आणि हा तर चॅम्पियन हात.’ सगळे हसले. त्याने उजवा हात पुढे केला, नारळ घेतला, छातीशी धरला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी टाळ्या वाजवत होतो.

एप्रिलमध्ये कोच घरी आला. तो मनिलाला कायमचा परत चालला होता. सोफ्यावर बसून त्याने ती वही टेबलावर ठेवली आणि म्हणाला, तीन आठवडे मी ही पानं तपासतोय. माझी मोजणी बरोबर आहे, विश्रांती बरोबर आहे. मग मी कुठे चुकलो? त्याचे डोळे लाल झाले होते. माझ्या मुलाचा हात आपण घालवला, असं समजून तो माणूस तीन आठवडे झोपला नव्हता.

मुलगा म्हणाला, ‘कोच, यू डिडन्ट डू एनीथिंग. आय थ्रू एव्हरी मॉर्निंग. ऑन माय ओन. नोबडी न्यू.’

कोच माझ्याकडे वळून म्हणाला, ‘सर, तुम्हाला माहीत नव्हतं?’

मी म्हणालो, ‘नो, कोच.’

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. कोचने वही खिशात घातली. मुलाला एवढंच म्हणाला, ‘मी तुझ्यावर पोटच्या पोरासारखा विश्वास टाकला होता. तू पूर्ण सीझन माझ्याशी खोटं बोललास.’ मुलगा ‘सॉरी, कोच’ म्हणाला, दोनदा. कोचने चहाला हात लावला नाही. निघताना त्याने माझा हात हातात घेतला आणि मला धीर दिला. मला. त्या रात्रीपासून बायको माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि मी तिला दोष देत नाही.

ऑपरेशन पुण्यात झालं. पेन धरता येतो, गाडी चालवता येते, दोन बोटं अजून बधिर आहेत. कॉलेज संपवून मुलगा जबल अलीलाच एका ऑफिसात लागला, आणि सकाळी माझ्याच गाडीतून येतो. दीड तासाचा रस्ता. दीड तास बाप-लेक शेजारी बसतात आणि रेडिओ ऐकतात. कोचचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे.

गेल्या महिन्यात रस्त्यात अपघात झाला होता, गाड्या जागच्या जागी उभ्या. का कोण जाणे, मी रेडिओ बंद केला आणि म्हणालो, ‘मी कोचला फोन करतो. सांगतो, मीच होतो म्हणून.’

तो समोरच बघत होता. म्हणाला, ‘डोन्ट, बाबा.’

‘का?’

आणि जो मुलगा मला कधी मराठीत उत्तर देत नाही, तो मराठीत म्हणाला, ‘मग तो मला विचारेल, तू बाबांना “नाही” का म्हणाला नाहीस. मी काय सांगू त्याला?’

तो ‘नाही’ म्हणाला होता. पहिल्याच पहाटे म्हणाला होता, जानेवारीत कोपरावर बोट ठेवून म्हणाला होता. माझ्यापुढे ते इतकं कवडीमोलाचं ठरलं होतं की त्याला स्वतःलाही ते आता म्हटल्यासारखं वाटत नव्हतं. म्हणाला होतास रे, एवढंच मला म्हणायचं होतं. तीन शब्द. मी म्हणालो, ‘बरं, नाही करत फोन.’ आणि मला हायसं वाटलं.