नाडीवरची तीन बोटं

नाडी रिकाम्या पोटी बघतात, म्हणून आमचे हे सकाळचा चहासुद्धा न घेता वैद्यांसमोर बसले होते. वैद्यांच्या शेजारी लेना. आयुर्वेदावर संशोधन करायला जर्मनीहून आलेली, मराठी बऱ्यापैकी शिकलेली मुलगी.

"आज आधी तू बघ," वैद्य तिला म्हणाले.

यांनी उजवा हात पुढे केला. तिने मनगटावर तीन बोटं टेकवली आणि सवयीने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.

"ठोके मोजू नकोस. नाडीची चाल बघ. डोळे मीट."

तिने डोळे मिटले. आतल्या खोलीत काढा उकळत होता, तेवढाच आवाज.

वैद्यांचा चेहरा मला कधीच वाचता आलेला नाही. रोग ओळखायला शिकण्यापेक्षा, ओळखल्यावर चेहरा आवरायला त्यांना जास्त वर्षं लागली असतील. आणि आपण पेशंटची माणसं नेमकी तिथेच डोळे लावून बसतो. रिपोर्ट हातात असला तरी डॉक्टरांच्या भुवया बघतो.

लेना अजून ते शिकली नव्हती. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली. तिने बोटं दाबली, सैल सोडली, पुन्हा दाबली.

"माझी नाडी मराठीत बोलते हं, कळतंय ना?" हे हसून म्हणाले.

ती हसली नाही. तिने डोळे उघडले आणि वैद्यांच्या आधी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मला हवा होता तसा चेहरा, अगदी उघडा.

मी मान खाली घालून पिशवीत यांचा चष्मा शोधू लागले. चष्मा यांच्या डोळ्यांवरच होता.