विंगेत कुणी नसताना

नगरच्या हौशी नाटकांचं बॅकस्टेज सांभाळणारे ते गृहस्थ माझ्या भिंगारच्या इंटरनेट कॅफेत स्वतःची वेबसाइट करून घ्यायला यायचे. ती बघून पुण्या-मुंबईची कामं येतील, अशी त्यांना आशा होती. खुर्चीत ते कधी बसले नाहीत. विंगेत उभं राहावं तसे भिंतीला चिकटून उभे असत आणि मी माउस हलवला की पुटपुटत, "थांबा... हां, आता घ्या." माझी मान आखडून जायची.

वेबसाइट सुरू करायच्या दिवशी त्यांनी आधी टेबलावर तीनदा टकटक केलं. "तिसऱ्या घंटेशिवाय उघडायचं न्हाई." पान हळूहळू उघडत गेलं. ते मात्र माझ्याच चेहऱ्याकडे बघत होते.

"आता बंद कधी करायची?"

"बंद नाही करायची. रात्रंदिवस चालू राहते."

"मी घरी झोपलेलो आसलो तरी?"

"हो."

त्यांचा चेहरा उतरला. "विंगेत कुनी नसताना मी प्रयोग कधी चालू ठेवला न्हाई."

ते खाली वाकले, मोडेमला जोडलेली टेलिफोनची वायर उपटली आणि ती मुठीत घट्ट धरून त्यांनी विचारलं, "पडला पडदा?"

मी हो म्हणालो. वेबसाइट तिकडे दूरच्या सर्व्हरवर चालूच होती.