चाळिसावं पुस्तक

शाळेच्या लायब्ररीचा चार्ज एकदा गळ्यात पडला की पुस्तकं कमी अन् किस्सेच जास्त जमा होतात. लोह्याच्या आमच्या हायस्कूलात तो माझ्या गळ्यात पडून नऊ वर्षं झालीत. पुस्तकांना वाळवी लागते, किस्स्यांना तीही लागत नाही!

औंदा मात्र लायब्ररीच जायची वेळ आली. हेडसरांच्या डोक्यात लातूर पॅटर्न शिरलेला. म्हणाले, "या खोलीत डॉक्टरकीचा फाउंडेशन क्लास लावू. तुमची पुस्तकं वाचतंय कोण?"

मी हात जोडले. तेव्हा म्हणाले, "बरं! सुट्टीत चाळीस पुस्तकं वाटा. शाळा उघडली की पहिल्या शनिवारपर्यंत चाळीसच्या चाळीस परत पाहिजेत. एक जरी कमी आलं, तर सोमवारी कपाटं व्हरांड्यात!"

*

निकालाच्या दिवशी पुस्तकं वाटायला बसलो.

"सर, यातलं आयएमपी काय हाय?"

"सगळंच."

"मग गाईड कुठं मिळंल?"

दुसरा म्हणाला, "परीक्षेला न्हाई, मग वाचायचं कशाला?"

"मजेला रे!"

त्यानं मागं वळून मित्राला विचारलं, "सरांची तब्येत बरी हाय ना?"

*

दहावीतला ऋषिकेश पुस्तक घेऊन लातूरला सुट्टीच्या बॅचला गेला. पंधरा दिवसांनी त्याच्या वडलांचा फोन. आवाज रडवेला.

"सर, पोरगं हातचं गेलं! हॉस्टेलात गादीखाली सापडलं!"

"काय सापडलं, अण्णा?"

"तुमचं पुस्तक!"

बिचाऱ्या बापानं लातूरला जाऊन माफीनामा लिहिला अन् पुस्तक सोडवून आणलं. वर मलाच म्हणतो, "पाया पडतो सर, पुन्हा देऊ नका."

*

एक पुस्तक परत आलं ते पिवळंधमक. मी खवळलो.

"सर, आमी हळद शिजवायलो होतो. कढईपाशी बसूनच वाचलं!"

आता ते कपाट उघडलं की भाजीला फोडणी द्यावीशी वाटते.

*

एका पोरीला म्हटलं, वाचलं त्यावर चार ओळी लिही. तिनं लिहून आणलं: 'खालीलपैकी नायिका का रडली? अ, ब, क, ड.' शेवटी उत्तरतालिकासुद्धा!

*

शनिवार उजाडला. एकोणचाळीस पुस्तकं जमा. चाळिसावं, एक रहस्यकथा, नववीतल्या अश्विनीकडं. हेडसर खूश होऊन म्हणाले, "चला, मीच येतो. पंचनामा करू." त्यांच्याच गाडीवर आम्ही तिच्या गावी गेलो.

दारातल्या लिंबाखाली पंधरा-वीस बाया बसलेल्या. मधे पाटावर पुस्तक, त्याला हळदकुंकू, शेजारी उदबत्ती. अश्विनी मोठ्यानं वाचत बसलेली.

"ए पोरी, आण ते पुस्तक इकडं!" हेडसर ओरडले.

अश्विनीची आई उठलीसुद्धा नाही. "गप बसा! रोज दुपारी पोथी लावलीय. अध्याय संपल्याबिगर हलता येत न्हाई."

"अहो बाई, ही पोथी नाही, खुनाची गोष्ट आहे!"

"मग? पोथीत काय राक्षस आपोआप मरतेत व्हय?"

बाया फिदीफिदी हसल्या. हेडसरांनी मुकाट्यानं चपला काढल्या अन् सतरंजीच्या कडेला बसले. अर्ध्या तासानं गोष्टीतल्या वकिलाच्या खोलीचं दार हळूच उघडलं, अन् अश्विनीनं पुस्तक मिटलं.

"पुढं?" हेडसर म्हणाले.

"पुढं उद्या, सर. समाप्ती हाय."

"अगं, शेवटचं पान बघ की नुसतं!"

"आधीच बघितलं की पारायण मोडतंय, सर."

मी आईला म्हटलं, "माय, आज पुस्तक नाही मिळालं तर माझी लायब्ररी जाते हो."

"सर, तुमच्यासाठी जीव तुटतो. पण समाप्तीबिगर पोथी घराबाहेर जात न्हाई."

संपलं! नऊ वर्षं पुसलेली कपाटं व्हरांड्यात जाणार, या विचारानं घरी जेवण गेलं नाही. जुडग्यातून लायब्ररीच्या चाव्या काढून ठेवल्या.

रविवारी दुपारी दारात हॉर्न वाजला. बघतो तर हेडसर! अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात नारळ.

मी चाव्या पुढं केल्या.

"चाव्या राहू द्या हो तुमच्यापाशीच! बसा पटकन. अध्याय सुरू झाल्यावर त्या बाया मधे बसू देणार नाहीत!"