कपाळाच्या उंचीचा हूक

रिकाम्या रस्त्यावरही ब्रेक दाबणाऱ्या बस ड्रायव्हरला निवृत्तीनंतर घरी लाकूड चिरायची हौस यावी, याची गल्लीला गंमत वाटायची. त्यांना सगळे ब्रेककाकाच म्हणत. परसात रुळांवर सरकणारी करवत बसवली तेव्हा शेजारी म्हणाला, "काका, हिला हॉर्न कुठंय?" काकांनी खरंच करवतीकडे वळून पाहिलं.

फळ्या मात्र झकास निघायच्या. तडकू नयेत म्हणून टोकांना जुना रंग, वारा खेळावा म्हणून दोन थरांमध्ये बारीक पट्ट्या. वाळत पडलेल्या चळतीवर काका रोज हात फिरवत, तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसा.

मग वादळात परसातलंच झाड मुळासकट पडलं आणि काकांची झोप उडाली. त्या झाडात हूक होता. नव्या नवरीच्या कपड्यांच्या दोरीसाठी त्यांनीच ठोकलेला, पुढे झाडानं गिळलेला. फिरत्या पात्याला लोखंड लागलं तर पातं तुटून कुठे उडेल याचा नेम नाही. आणि फळी धरायला करवतीजवळ काकूच, तेव्हाची ती नवी नवरी.

"झाड वाढलं तसा हूकही वर गेला असणार," म्हणत काकांनी शेंड्याकडचा भाग कापून सरपणात टाकला.

"वर कसा जाईल? दोरी कायम माझ्या कपाळाशीच होती. मी काय शिडी लावून कपडे वाळत घालत होते?"

"तूच उंच झाली असशील."

काकू हसल्या. काकांनाही जरा धीर आला.

पहिली फळी निघाली. दुसरी निघाली. तिसरीला निम्म्यात भुसा काळा पडू लागला. लोखंडाशेजारचं लाकूड असंच काळवंडतं, हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी बटण बंद केलं. पण करवतीला ब्रेक नव्हता. पातं आपल्याच तंद्रीत फिरत राहिलं. काकू अजून फळी धरूनच होत्या. काकांचा पाय सवयीनं ब्रेक शोधत जमिनीत रुतत होता.

अखेर पातं थांबलं.

"बघू," म्हणत काकू ओंडक्याशेजारी आडव्या झाल्या, टाचा मुळांकडच्या टोकाशी ठेवून. काळा डाग बरोबर कपाळाशी आला. पातं त्याच्या बोटभर अलीकडे. "काय म्हटलं होतं मी?" त्या म्हणाल्या आणि उन्हानं डोळे मिटून तशाच पडून राहिल्या.

"ऊठ," काका कसेबसे म्हणाले. "अशी पडू नकोस."