काचहंडीतलं शेण

घाटकोपरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे, तेव्हाची गोष्ट. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी मला वर्षभरासाठी घेतलं होतं. मुलुंडला एका विधवा बाईंकडे खोली घेऊन राहत होते. आई त्याच उन्हाळ्यात गेली, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जायला घर उरलं नव्हतं.

सुट्टीनंतर मुलांना शेणावरची बुरशी दाखवायची होती. आधी स्वतः करून बघावं म्हणून भांडुपच्या एका तबेल्यात गेले. तिथे गोवऱ्या थापणाऱ्या रत्नागिरीकडच्या मावशींकडे म्हशीचं ताजं शेण मागितलं. सारवायला का, असं त्यांनी विचारलं. बुरशी उगवायला म्हटल्यावर बघतच राहिल्या, पण डबा भरून दिला.

खोलीत एका ताटलीत ओल्या टीपकागदावर ते ठेवलं आणि वर काचहंडी, म्हणजे प्रयोगशाळेतलं घुमटासारखं काचेचं झाकण, घातली. मालकीणबाईंना सांगितलं नाही. पाचव्या सकाळी शेणावर काचेसारखे बारीक तंतू उभे होते. प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा फुगा, फुग्यावर काळी टोपी. सगळे खिडकीकडे वाकलेले. नऊच्या सुमारास टोप्या उडायला लागल्या. हंडीच्या काचेवर अगदी बारीक टिकटिक वाजत होती. हे वाचलं होतं, ऐकलं पहिल्यांदाच. मी उठून दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. सांगायचं कुणाला?

शेवटी मालकीणबाईंनाच बोलावलं. त्यांनी दारातूनच नाकाला पदर लावला.

"आत्ताच्या आत्ता हे घराबाहेर गेलं पाहिजे."

ताटलीसकट हंडी पिशवीत घालून मी तबेल्यात नेली. मावशी हात धुऊन उकिडव्या बसल्या आणि माझं भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिल्या. तोवर दोन-चारच टोप्या उरल्या होत्या.

"एकटीच बघत होतीस?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

हंडी त्यांनी चाऱ्याच्या खोलीत ठेवून घेतली. सुट्टीभर मी रोज सकाळी तिथे जायचे. पुढे तंतू संपले आणि नाजूक करड्या छत्र्या आल्या. दुपारपर्यंत त्यांचं काळं पाणी होई. मावशी चहा द्यायच्या आणि कामाला लागायच्या. बोलणं फारसं होत नसे.

कॉलेज उघडल्यावर त्यांनीच दिलेल्या शेणावर प्रात्यक्षिक पार पडलं. वर्ष सरता सरता रजेवरच्या बाई परतल्या आणि मला नाशिकला नोकरी लागली. निघायच्या गडबडीत मावशींना भेटायचं राहूनच गेलं.