सुजाताचे रिकामे पिंजरे

२०२४ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शहागंजातल्या माझ्या पत्र्याच्या दुकानी सुजाताची आई आली, बाकड्यावर टेकली आणि म्हणाली, "भाऊ, आपली सुजी गेली." तापानं. बेटावरून परतल्यावर, दवाखान्यात... मी हातातली कात्री खाली ठेवली. त्या पोरीशी मी आठ महिने बोललो नव्हतो.

सुजाता आमच्या गल्लीतली. जनावरांचं शिकून पार समुद्रातल्या बेटांवर कामाला गेली. तिथं जहाजांतून उतरलेले उंदीर पाखरांची जमिनीवरची अंडी खायचे. ते उंदीर संपवायचे, हे तिचं काम. उंदीर धरायचे पिंजरे मी बनवायचो, ती माझ्याकडूनच न्यायची. बायको गेल्यापासून दुकानात माझ्याशी बोलत बसणारी ती एकटीच. मी समुद्र पाहिला नाही, पण माझे पिंजरे तिथं आहेत, ह्याची मला लई ऐट होती.

मग एक दिवस तिचा फोन आला. हसत होती. "मामा, सगळे पिंजरे रिकामे निघाले!" माझं डोकंच फिरलं. पन्नास वर्षांत माझ्या पिंजऱ्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ती पुढं काही सांगत होती, मी फोन बंद केला. दिवाळीच्या सुट्टीत दुकानी आली, दुसऱ्या बेटासाठी पिंजरे मागू लागली. मी मान वर न करता म्हणलं, "दुसरा कारागीर बघ." "बरं मामा," म्हणाली आणि निघाली. गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्या चपला ऐकू येत होत्या. मी हाक मारली नाही.

ती गेल्याचं कळल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. तिच्यासंगं काम करणारी एक पोरगी आली होती. तिनं सांगितलं, दोन वर्षं पिंजरे लावत राहायचं आणि दरवेळी रिकामेच निघाले, तरच बेटावर उंदीर उरला नाही म्हणता येतं. पिंजरा कच्चा असला तर सगळं फुकट. "सुजाता मॅडम म्हणायच्या, मामांचा पिंजरा रिकामा म्हणजे खरंच रिकामा." त्या साली पाखरांची पिल्लं उडाली होती. तेच सांगायला तिनं फोन केला होता.

दुसऱ्या बेटाचं काय झालं, विचारलं. पिंजऱ्यांवाचून अडलंय, म्हणाली. मॅडमनी दुसरा कारागीर शोधलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट न करताच गिऱ्हाईकाची पेटी बाजूला सारली आणि जाळी कापायला घेतली. पहिला पिंजरा झाला. खटका बघायला बोट आत घातलं. दार खाडकन बोटावर बसलं. पक्का होता. बोट काढलं आणि दुसरा घेतला.